सिपोराबाईंचा शनिवार आणि सॅम्युअलचा रविवार

शनिवारी सिपोराबाई रिकाम्या हातांनी रस्त्याने चालत येताना दिसल्या, की ड्रमलोनातली माणसं हातातलं काम टाकून कुंपणापाशी यायची आणि विचारायची, "मुलगा की मुलगी?"

बाई तिथल्या डिस्ट्रिक्ट नर्स होत्या. म्हणजे घरोघर जाऊन बाळंतपणं करायची, जखमा धुवायच्या, म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायची. शनिवार हा त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी त्या चूल पेटवत नसत, सुईत दोरा ओवत नसत, पैशाला हात लावत नसत. पण कुणाच्या घरून बाळंतपणाचा निरोप आला, की गाडी काढून अशा सुटायच्या की रस्त्यावरच्या कोंबड्या जीव घेऊन पळत. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायला त्यांच्या धर्मात मुभा होती. बाळ बाहेर आलं, रडलं, आई सुखरूप आहे असं बघितलं, की मात्र मुभा संपली. मग गाडी, बॅग, छत्री सगळं त्या घरी ठेवून बाई पायी घरी यायच्या, चार मैल असोत नाहीतर सात. "बाळाला वार कळत नाही," त्या म्हणायच्या, "मला कळतो." त्यामुळे त्या चालत आल्या म्हणजे सगळं नीट झालं, हे आख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. मुलगा की मुलगी एवढंच विचारायचं राहायचं.

ड्रमलोना म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या टिरोन परगण्यातली एक वाडी. तिथे वाडीला टाउनलँड म्हणतात. दुकान नाही, शाळा नाही, देऊळ नाही. दोन टेकड्या, मधून वाहणारा ओढा आणि दहाबारा घरं. तरी कुणालाही विचारा, ड्रमलोना कुठल्या दगडापाशी संपतं आणि पलीकडची वाडी कुठल्या काटेरी झुडपापाशी सुरू होते, ते बोट दाखवून सांगतील. पूर्वेच्या गावात कॅथलिकांचं चॅपल, पश्चिमेच्या गावात प्रेस्बिटेरियनांचं प्रार्थनाघर. कॅथलिक मंडळी मीठमिरचीला पूर्वेला जायची आणि प्रोटेस्टंट पश्चिमेला. दोन्ही गावांत मीठ एकाच भावाने मिळायचं. गुरांचा बाजार आणि हॉस्पिटल मात्र ओमा शहरात, तिथे सगळ्यांनाच जावं लागे.

त्या हॉस्पिटलात आमच्या ह्यांना नोकरी लागली म्हणून साठीच्या दशकाच्या सुरुवातीला मी साताऱ्याहून ओमाला येऊन पडले. 'पडले' हाच शब्द बरोबर आहे. बोलायला माणूस नाही, खायला बटाटा, आणि आभाळ असं की धुणं वाळत घातलं ते आठवड्याने उचलायचं. एक दिवस वॉर्डातली सिस्टर ह्यांना म्हणाली, तुमच्यापैकी एक बाई ड्रमलोनात नर्स आहे. मला वाटलं, असेल कोणी पंजाबी नाहीतर मद्रासी. रविवारी आम्ही बसने गेलो. दार उघडलं ते एका ठेंगण्या, सावळ्या, कपाळ मोठं असलेल्या बाईने. अंगात निळा युनिफॉर्म, केसांचा घट्ट अंबाडा. माझी साडी तिने खालपासून वरपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "काय गो, कुठली तू?"

मी साताऱ्याची म्हटल्यावर म्हणाली, "मग तिखट खात असशील. ये, आत ये, पायताण काढू नको, फरशी गार आहे."

मी दारातच रडायला लागले. हे माझ्याकडे बघत उभे राहिले आणि बाईंनी ह्यांच्या हातात बटाट्याची टोपली आणि सुरी दिली.

सिपोराबाई आष्टमकर अलिबागकडच्या. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडे ज्यांना शनिवारतेली म्हणायचे त्या मराठी यहुद्यांतल्या. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून ते नाव. मुंबईला नर्सिंग शिकून त्या लढाईनंतर लंडनला आल्या होत्या आणि तिथून, "जिथं कुणी जायला तयार नाही तिथं पाठवा," असं सांगून ड्रमलोनाला. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. लग्न केलेलं नव्हतं. घराच्या चौकटीला एक तिरकी नळी ठोकलेली होती, तिच्यात त्यांच्या धर्माची वचनं. येताजाता तिला बोट लावून ते बोट ओठाला लावायचं. शेजारच्या ब्रिजेट मॅकअलीरच्या स्वतःच्या दाराशी पवित्र पाण्याची वाटी होती, त्यामुळे तीही सिपोराबाईंच्या घरात शिरताना त्या नळीला बोट लावून छातीवर क्रूस काढायची. बाईंची त्याला हरकत नव्हती. "तिचा हात, तिचा देव," म्हणायच्या.

भांडी घासताना त्या कीर्तन म्हणायच्या. मोशेचं कीर्तन, योसेफाचं कीर्तन, आपल्या साक्या-दिंड्यांच्या चालीत. मिसर देशाचा राजा आणि त्याला 'अरे मूढा' म्हणून हाक मारणारा मोशे मी तिथे, त्या मोरीपाशी पहिल्यांदा ऐकला. खोबरेल तेलाचा दिवा शुक्रवारी संध्याकाळी लागायचा. तेल लंडनहून भाऊ पाठवायचा.

त्यांच्या खाण्याच्या नियमांवरून एकदा माझी चांगलीच फजिती झाली. खवले असलेलाच मासा त्यांना चाले. ब्रिजेटचा नवरा पॅट्रिक मॅकअलीर याने एकदा मोठ्या प्रेमाने तळ्यातली ईल आणून दिली. ईल म्हणजे आपल्याकडचा वाम, सापासारखा लांबडा, खवले दिसायचे नावाला नाहीत. त्या मुलखात दिलेली वस्तू नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. बाईंनी "वा, केवढी मोठी!" म्हणून ती घेतली आणि पॅट्रिक वळणाआड जाताच वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली.

"मी देशस्थ आहे, सिपोराबाई! मी अंडंसुद्धा खात नाही."

"तू खाऊ नको गो. बसमधनं ने आणि तिकडे कुणाला तरी दे. इथं टाकली तर त्याचा कुत्रा हुडकून काढील आणि त्याच्याच दारात नेऊन ठेवील."

ओमापर्यंत ती मांडीवर घेऊन मी रामरक्षा म्हणत बसले होते. हॉस्पिटलच्या रखवालदाराने ती आनंदाने घेतली. पुढच्या आठवड्यात पॅट्रिकने मला विचारलं, "नर्स म्हणाली तुम्हाला फार आवडली, खरं का?" मी हो म्हटलं, आणि त्याचं फळ वर्षभर भोगलं.

आता सॅम्युअल कॅल्डवेल. सिपोराबाईंच्या घरासमोर एक उतरतं कुरण होतं आणि कुरणापलीकडे त्याचं घर. दोन्ही घरांची तोंडं एकमेकांकडे. पन्नाशी उलटलेला, उंच, वाकलेला, अविवाहित प्रेस्बिटेरियन शेतकरी. मोजक्या गाई, एक घोडी आणि रविवार एवढीच त्याची इस्टेट. रविवार तो असा पाळायचा की मला आमच्या आजीचं सोवळं आठवायचं. रविवारी वर्तमानपत्र नाही, शीळ नाही, कुदळ नाही. दाढी शनिवारी रात्री बाराच्या आत. रविवारचे बटाटे शनिवारीच सोलून, उकडून ठेवलेले. गाईंची धार काढायची, कारण ती दया. बाकी काही करायचं नाही.

त्या दोघांची ओळख धुराने झाली. बाई नवीन होत्या तेव्हाच्या पहिल्या हिवाळ्यात सॅम्युअलच्या लक्षात आलं, की शनिवारी समोरच्या धुराड्यातून धूर येत नाही. आजारी असेल म्हणून तो बघायला आला. बाई कोट घालून, दोन घोंगड्या पांघरून खुर्चीत बसलेल्या. काय झालं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आज माझा विसाव्याचा दिवस आहे, मिस्टर कॅल्डवेल." त्याने आणखी काही विचारलं नाही. वाकून शेगडी पेटवली, पीटची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीची, ढेकळं रचली, टोपी घातली आणि गेला. त्यानंतर दर शनिवारी सकाळी तो यायचा. बाईंनी त्याला कधी सांगितलं नाही, कारण सांगून करवून घेणंही त्यांना निषिद्ध होतं. त्याने कधी विचारलं नाही. पुढे वर्षानुवर्षं दोघं एकमेकांना 'मिस्टर कॅल्डवेल' आणि 'नर्स' म्हणत राहिली.

परतफेड रविवारी व्हायची. तो तिकडे गार बटाटे खात बसणार, म्हणून बाई नारळाचं दूध घातलेली कोंबडीची हंडी करून कुरणातून त्याच्या घरी न्यायच्या. रविवारी शिजवलेलं अन्न त्याला कसं चालायचं, असं मी एकदा विचारलं. सॅम्युअलने गंभीरपणे सांगितलं, की ते नर्सच्या घरी शिजलं आणि नर्सच्या घरी आज रविवार नाही. मग डोळ्यांतून पाणी गाळत त्याने ती हंडी संपवली. बाईंचा मसाला अलिबागचा होता.

या दोघांना गप्पा मारायला मोकळा वेळ मिळायचा तो फक्त शनिवारी रात्री. तिचा शब्बाथ आभाळात तीन तारे दिसले की संपायचा, त्याचा रविवार बाराच्या ठोक्याला सुरू व्हायचा. आठवड्याचे बाकीचे दिवस तिच्या मागे डिस्ट्रिक्ट आणि त्याच्या मागे गुरं. हिवाळ्यात तिथे चार-साडेचारला अंधार पडतो, तेव्हा चांगली लांबलचक संध्याकाळ हाती लागायची. उन्हाळ्यात उजेड रात्री दहा-साडेदहापर्यंत हलत नाही, तेव्हा जेमतेम एक चहा व्हायचा. ढग असले तर तारे दिसायचे नाहीत, मग बाई ठार काळोख होईपर्यंत थांबायच्या. सॅम्युअल अंगणात मान वर करून उभा राहायचा आणि दिसले की दारावर काठी आपटायचा. ब्रिजेट मॅकअलीर म्हणायची, "दोघांत मिळून दोन शब्बाथ आहेत, पण लग्नाला एक वार सापडत नाही." तिच्या चावटपणाला सीमा नव्हती, पण बोलली ते अगदीच खोटं नव्हतं.

आता त्या उन्हाळ्याचं सांगते. जून पावसात गेला, जुलै पावसात गेला. गवत उभंच. तिकडे गवत कापून, उन्हात वाळवून, त्याच्या गंज्या रचून ठेवल्या तर हिवाळ्यात गुरं जगतात. नाहीतर गुरं विकायची. सॅम्युअलची बहीण कॉव्हेंट्रीला, तिचा नवरा मोटारीच्या कारखान्यात. ती वर्षानुवर्षं मागे लागली होती, की एकटा काय करतोस त्या चिखलात, विकून टाक आणि इकडे ये, खोली रिकामी आहे. त्याच्याकडे नकाराला एकच कारण होतं, गाई. ते कारण त्या साली डळमळीत झालं. त्यातच गवत कापल्याच्या दुसऱ्या दिवशी ओढ्यापाशी घसरून त्याने पाय मोडून घेतला. आमच्या ह्यांनीच प्लॅस्टर घातलं. ह्यांनी त्याला वॉर्डात ठेवायचं म्हटलं, तर म्हणाला, "डॉक्टर, गवत पडलंय." आणि कुबड्यांवर घरी गेला.

तीन दिवस कडक ऊन पडलं. असं ऊन त्या वर्षी पहिल्यांदाच. साऱ्या वाडीचं गवत एकदम खाली, एकदम वाळलेलं, आणि जो तो आपल्या शेतात. शनिवार उजाडला. रेडिओने सांगितलं, उद्या दुपारपासून पाऊस. चॅपलच्या फादरने तर आदल्या रविवारीच जाहीर केलं होतं, की मासनंतर, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेनंतर, गवत आवरायला परवानगी आहे, देव समजून घेईल. शनिवारी दुपारी पॅट्रिक मॅकअलीर सॅम्युअलकडे आला.

"उद्या सकाळी आम्ही सगळे येतो. तुझं शेत दोन तासांत आवरू."

"उद्या रविवार आहे, पॅट्रिक."

"तू खुर्चीतून उठू नकोस. आम्ही करतो. आम्हाला परवानगी आहे."

"तुमच्या माणसाने तुम्हाला दिली. मला कुणी दिली नाही. माझ्या शेतात रविवारी काम होणार नाही, मग कुणाच्या का हातांनी."

पॅट्रिक शिव्या घालत माझ्यासमोरून गेला. आम्ही दोघं त्या दिवशी सिपोराबाईंकडे आलो होतो. शनिवार असल्यामुळे बाई खिडकीत बसलेल्या. हात मांडीवर. समोर सोन्यासारखं वाळलेलं गवत साऱ्या कुरणभर पसरलेलं, आणि पलीकडच्या दारात खुर्चीवर प्लॅस्टरचा पाय पुढे करून सॅम्युअल बसलेला. सकाळी कुबड्या टेकत येऊन तो शेगडी मात्र पेटवून गेला होता. दिवसभर ही दोघं मधल्या त्या गवताकडे बघत बसून होती. मला तो देखावा असह्य झाला.

"सिपोराबाई, आम्ही जातो शेतात. मला दाताळं धरता येतं."

"जा. पण तुम्ही दोघं किती ओढणार?" पलीकडच्या दाराकडे बघत म्हणाल्या, "गाई गेल्या की हा जाईल गो. मग कॉव्हेंट्रीत मोटारी मोजत बसेल."

आणि मग त्या उठल्या, दार उघडून बाहेर आल्या आणि कुंपणाला टेकवलेलं दाताळं त्यांनी उचललं. मी बघतच राहिले. बारा वर्षांत ज्या बाईने शनिवारी काडी ओढली नाही, ती कुरणात शिरत होती.

सॅम्युअल पलीकडून ओरडला. तो ओरडू शकतो हेच मला ठाऊक नव्हतं. "नर्स! ते खाली ठेवा!"

"मिस्टर कॅल्डवेल, वेळ नाही."

"तुमचा दिवस आहे. माझ्या शेतात तुमचा दिवस मोडू देणार नाही. गवत कुजलं तर कुजू दे."

बाई दाताळं टाकून कुंपणाच्या आपल्या बाजूला परत आल्या आणि तिथे उभ्या राहिल्या. मी आणि हे कामाला लागलो. माझ्या पायांत बाईंचे रबरी बूट, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पसरलेलं गवत ओढून ओढून डोक्याएवढ्या गंज्या रचायच्या, वरून दाबायच्या, म्हणजे पाऊस आला तरी आतलं कोरडं राहतं. डॉक्टर लोकांना हे जमत नाही हे तेव्हा कळलं. ह्यांच्या गंज्या लग्नातल्या मुंडावळीसारख्या एका बाजूला कलायच्या.

दहा वाजून गेले, तेव्हा आपलं आवरून मॅकअलीर मंडळी आली. पॅट्रिक, ब्रिजेट, त्यांचे दोन मुलगे. पश्चिमेकडून सॅम्युअलच्या प्रार्थनाघरातले दोघे आले. उजेड अजून राखाडी होता, पण रेडिओने उद्याचं म्हणून सांगितलेले ढग आजच चढले होते. आभाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोधडी टाकल्यासारखं. सगळे मुकाट्याने ओढत होते. निम्मं शेत बाकी, आणि बारापर्यंत वेळ. बाई कुंपणापाशी तशाच उभ्या. एक माणूस कमी पडत होतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

सॅम्युअल खुर्चीत मागे रेलला, वर पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "नर्स, दिसले तुमचे तीन."

माझी मान आपोआप वर गेली. एक तारा नव्हता. एका ताऱ्याएवढी फटसुद्धा नव्हती. पॅट्रिकने वर पाहिलं, ब्रिजेटने पाहिलं, आणि सगळ्यांनी पुन्हा खाली मान घातली. हा माणूस बाजारात गाय विकताना तिच्या खोडी आधी सांगायचा.

बाईंनीही वर पाहिलं. चांगला बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "खोटं बोलतोय गो." आणि त्याला इंग्रजीत म्हणाल्या, "थँक यू, मिस्टर कॅल्डवेल." दाताळं उचलून त्या कुंपण ओलांडून आल्या.

बाळंतपणं करणाऱ्या बाईच्या हातात काय ताकद असते ते मी त्या तासात पाहिलं. त्या आल्या आणि सगळ्यांचाच हात दुप्पट चालायला लागला. कोण कुठल्या चर्चचा हे त्या अंधुकात दिसतही नव्हतं. ब्रिजेट सॅम्युअलची चेष्टा करत होती, प्रार्थनाघरातले दोघे चक्क हसत होते. ओढ्याकडचा एक पट्टा तेवढा उरला, आणि उघड्या दारातून सॅम्युअलच्या भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके ऐकू आले.

"पाच मिनिटं," पॅट्रिक म्हणाला. "सॅम्युअल, पाचच मिनिटं. घड्याळ पुढे आहे म्हण."

सॅम्युअल गवताच्या त्या पट्ट्याकडे बघत होता. मला वाटलं, हो म्हणणार. मघाशी तारे पाहिले, आता घड्याळ पाहील.

सिपोराबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपलं दाताळं आडवं टाकलं. "संपलं," त्या म्हणाल्या. "बाहेर व्हा सगळे. पॅट्रिक, तू पण."

"पण नर्स, एवढंच तर..."

"त्याच्या शेतात रविवार लागला. चला."

सगळे निघाले. बाई सर्वांत शेवटी निघाल्या आणि जाताना त्याच्या खुर्चीपाशी थांबल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

ओढ्याकडचा पट्टा रविवारी भिजून काळा पडला. त्यापायी हिवाळ्याच्या तोंडावर सॅम्युअलला दोन गाई विकाव्या लागल्या. बाकीच्या जगल्या. बहिणीला त्याने कळवलं, की गुरं आहेत, येणं होणार नाही.

पण त्या शरद ऋतूत त्याच्या प्रार्थनाघरात प्रभुभोजन होतं. वर्षातून दोनदाच येणारा सोहळा; ख्रिस्ताच्या आठवणीची भाकरी सगळे घेतात, मनात पाप असलेला घेत नाही. सॅम्युअल प्लॅस्टर निघालेल्या पायाने जाऊन मागच्या बाकावर बसला आणि भाकरी पुढे आली तेव्हा त्याने ती घेतली नाही. लोकांत कुजबुज झाली, की कॅल्डवेलने असं काय केलं असेल? पाळकाने विचारलं, तर म्हणाला, "मी काही बोललोय, ते बोलायला नको होतं." बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या पदराशिवाय डोळे पुसत होत्या, युनिफॉर्मच्या बाहीने. त्या स्वतः दरवर्षी दारफाळणीच्या सणाला बेलफास्टला, यहुद्यांच्या प्रार्थनाघरात जायच्या. दारं लावून उपास करायचा, वर्षाची पापं कबूल करायची, असा त्यांचा तो दिवस. "यंदा एक जास्तीचं होतं," मला म्हणाल्या. "सगळी पापं म्हटली. हे म्हणायची वेळ आली तेव्हा तोंडच उघडेना. पश्चात्तापच होत नाय गो, मग काय म्हणायचं?"

साठीचं दशक संपता संपता आम्ही लंडनला, स्टॅनमोरला राहायला आलो. मागोमाग तिकडचे दंगे सुरू झाले. टीव्हीवर ओमाचं नाव यायचं, ओळखीच्या कोपऱ्यावर काचांचा खच दिसायचा. ड्रमलोनाच्या रस्त्यावर सैनिक उभे राहायला लागले. शनिवारी पायी चाललेल्या बाईंना एकदा एका पोरसवदा सैनिकाने अडवलं आणि ओळखीचा कागद मागितला. शनिवारी त्या काही बाळगत नसत. कॅथलिक की प्रोटेस्टंट, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "पोरा, मी मिडवाइफ आहे. तुझ्या आईला विचार, तुझ्या वेळी तिने मिडवाइफला काय विचारलं होतं."

सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर एका हिवाळ्यात न्यूमोनिया होऊन सॅम्युअल गेला. बाईंनी मला फोनवर सांगितलं. त्यांचा आवाज कोरडा होता. गाई पॅट्रिकने घेतल्या, घर बहिणीच्या मुलाकडे गेलं. त्याने कॉव्हेंट्रीहून येऊन कुलूप लावलं आणि परत गेला.

बाई एव्हाना निवृत्त झाल्या होत्या. लंडनला त्यांचा भाऊ होता, प्रार्थनाघर होतं, अलिबाग-पेणची दहावीस कुटुंबं होती. भावाने येऊन मला गळ घातली. "ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. तिला घेऊन या. तिथं दंगे चाललेत, एकटी आहे, तिथं आता तिचं आहे कोण?" मलाही ते पटलं होतं. मी जाताना परतीची दोन तिकिटं काढूनच गेले.

पोचले तो रविवार होता. मे महिना, लख्ख ऊन, आणि वारा असा की अशा दिवसासाठी त्या मुलखातल्या बायका देवाला नवस बोलतात. ब्रिजेटच्या दारात दोऱ्या भरून कपडे फडफडत होते. सिपोराबाईंनी दार उघडलं. खूप बारीक झाल्या होत्या. चहा झाला, हंडी झाली. स्टॅनमोरची खोली, भावाची नातवंडं, प्रार्थनाघर किती जवळ आहे, असं सगळं मी सांगत होते आणि त्या ऐकत होत्या. नाही म्हणत नव्हत्या. मला वाटलं, येतील.

भांडी ठेवायला मोरीत गेले, तर तिथे पिळलेल्या कपड्यांची टोपली. हात लावला तर ओले, आणि किंचित कुबट वास यायला लागलेला.

"सिपोराबाई, हे कधीचे?"

"शुक्रवारी धुतले. मग पाऊस आला."

"आणि काल?"

"काल शनिवार नव्हता काय?"

"बरं, मग आज केवढं ऊन पडलंय! थांबा, मी घालते वाळत." मी टोपली कमरेवर घेतली आणि पुढचं दार उघडलं. बाई लगबगीने आल्या आणि त्यांनी टोपलीचा काठ धरला.

"नको. उद्या घालीन."

"उद्या पाऊस असेल. अहो, वास यायला लागलाय."

"येऊ दे गो. आज रविवार आहे. दोरी समोरून दिसते."

मी समोर पाहिलं. कुरण गुडघाभर वाढलेलं होतं आणि पलीकडे ते घर, खिडक्यांना फळ्या ठोकलेलं. मी त्या घराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. त्यांनी टोपली माझ्या हातातून घेतली, मोरीत जागच्या जागी ठेवली आणि हात पुसत विचारलं, "काय म्हणत होतीस तू, स्टॅनमोरचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तिकडे यंदा फार उकडतंय."